८ इंची असताना १२ इंची कशाला? (अपर्चर फीवर, म्हणजे आणखी मोठ्या व्यासाच्या दुर्बिणीचा ताप, चढलेल्यांसाठी धागा)

हुकलेला_धूमकेतू

मंडळी, माझ्याकडे ८ इंची डॉब्सोनियन (साध्या पेटीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) आहे, ८ इंच हा आरशाचा व्यास. एफ/६, म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या सहापट, १२०० मिमी. तिच्याबद्दल तक्रार अशी काहीच नाही. शनीची कडी, त्यातली कॅसिनीची फट, गुरूचे पट्टे, शौरीतला एम१३ तारकागुच्छ, सगळं छान दिसतं. मेसिएची यादी ('एम' क्रमांकांचे गुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) बरीचशी उरकत आली आहे. तरी हल्ली झोपण्याआधी मोबाइलवर १२ इंचीची माहिती वाचत पडतो. आभाळ भरलेलं असलं की जास्तच.

गणित मला कळतं. व्यास दीडपट, क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे साधारण ०.९ प्रतीने मंद तारे दिसणार (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). पण ०.९ प्रत म्हणजे डोळ्याला नक्की काय? ज्यांनी ८ वरून १२ किंवा त्यापुढे उडी मारली आहे त्यांनी सांगावं. फोटो नकोत, आयपीसला डोळा लावून काय दिसलं ते हवं. आणि ही ओढ १२ ला थांबते का, तेही सांगा.

कोपऱ्यातला_चंद्र

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

रात्रपाळी

कोपऱ्यातल्या चंद्राशी सहमत. साडेचार, सहा, दहा आणि आता चौदा. प्रत्येक वेळी 'ही शेवटची' असं घरात जाहीर केलेलं आहे. चौदाच्या वेळी कोणी ऐकूनही घेतलं नाही.

पण गंभीरपणे सांगायचं तर दहावरून चौदावर गेल्यावर दीर्घिका बघण्याची रीतच बदलली. पूर्वी 'सापडली, पुढे चला' असं व्हायचं. आता एकेका दीर्घिकेपाशी थांबायला होतं, कारण थांबलं की काहीतरी हाती लागतं. धुळीचा पट्टा, एखादी फिकट भुजा, शेजारची पिटुकली दीर्घिका.

मंदप्रत

एक गैरसमज आधीच बाजूला काढू. मोठी दुर्बीण तेजोमेघ किंवा दीर्घिका 'उजळ' करत नाही. पसरट वस्तूचं पृष्ठतेज कुठल्याही दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यापेक्षा वाढत नसतं. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या झोताचा व्यास, ज्याला आपण एक्झिट प्युपिल म्हणतो, तो सारखा ठेवला तर ८ इंची आणि १२ इंचीत दीर्घिका तेवढीच उजळ आणि मागचं आकाशही तेवढंच उजळ. फरक इतकाच की ४ मिमीच्या झोताला ८ इंची ५० पट मोठं दाखवते आणि १२ इंची ७५ पट. उजेड तोच, डाग मोठा.

मात्र हा 'इतकाच' फार महत्त्वाचा आहे. अंधारात आपल्या डोळ्याला लहान अंधूक डागापेक्षा मोठा अंधूक डाग सहज जाणवतो. दीर्घिकांमधला तपशील वाढतो तो या वाटेने.

ताऱ्यांचं गणित वेगळं. तारा बिंदूच राहतो, त्यामुळे जमवलेला सगळा प्रकाश त्या एका बिंदूत पडतो. म्हणून गोलाकार तारकागुच्छांना व्यासाचा फायदा सरळ मिळतो. धागाकर्त्यांनी आपल्याला काय बघायचं आहे ते आधी ठरवावं.

हुकलेला_धूमकेतू

मंदप्रत, हे फारच उपयोगी. पृष्ठतेजाचा मुद्दा एवढा सरळ कुठे वाचला नव्हता. मला जास्त करून दीर्घिकाच बघायच्या आहेत.

शर्वरी१६

१६ इंचीतून एम१३ बघितलेला नसेल त्यांनी कृपया तत्त्वज्ञान सांगू नये. (हलके घ्या.)

८ इंचीत काय होतं? कडेचे तारे सुटे होतात, मधे धुकट गोळा उरतो. १६ इंचीत दोनशेच्या वर मोठं केलं की तो गोळाही फुटतो, थेट गाभ्यापर्यंत तारेच तारे. मधे तीन काळसर पट्टे एकत्र येतात, ज्याला प्रोपेलर म्हणतात, तोही कळतो. एम५१ दीर्घिकेत भोवऱ्याची भुजा शेजारच्या दीर्घिकेकडे गेलेली दिसते. म्हणजे 'दिसल्यासारखी वाटते' नव्हे, दिसते. काळोखं आकाश मात्र हवं, तेवढं मान्य.

आता दुसरी बाजू. माझी एफ/४.५ आहे, फोकल लेंग्थ १८३० मिमीच्या आसपास. खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावर, वळवली की आयपीस माझ्या कपाळाच्या वर जातं, मग स्टूल. अंधारात स्टुलावर एका पायावर उभं राहून दीर्घिका बघण्यात जी मजा आहे तिचं वर्णन न केलेलं बरं. शिवाय आरसा जितका वेगवान (एफचा आकडा लहान) तितकं कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, नाजूक. नेऊन ठेवल्यावर दर वेळी करायचंच, कंटाळा चालत नाही.

कोपऱ्यातला_चंद्र

शर्वरीताई, २० इंची एफ/५ ला शिडी लागते म्हणे. स्टुलावर समाधान माना.

शर्वरी१६

शिडी बघून ठेवली आहे.

बखरकार

या तापाचे सर्वांत नामांकित रुग्ण विल्यम हर्शेल. १३ मार्च १७८१ ला त्यांना युरेनस सापडला तो सहा इंचांहून जेमतेम मोठ्या आरशातून. नवा ग्रह शोधल्यावर एखादा माणूस म्हणाला असता, पुरे झालं. या गृहस्थांनी त्याच वर्षी घरातच ३ फुटी आरसा ओतायला घेतला. भट्टी गळली, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि दगडी फरश्या फुटून उडू लागल्या. माणसं पळाली म्हणून निभावलं.

तरी ऐकतील तर ना. १७८९ मध्ये राजाच्या पैशातून ४८ इंची आरशाची ४० फुटी (लांबीला) दुर्बीण उभी राहिली. तिला फिरवायला मदतनीस लागायचे, धातूचा आरसा काळवंडायचा. आणि बहुतेक काम त्यानंतरही आधीच्या २० फुटीवरच होत राहिलं, जिचा आरसा १९ इंचांच्या आसपास होता. घरात बहीण कॅरोलाइन, ती लहान दुर्बिणींतून धूमकेतू शोधत होती. तिच्या नावावर ८ आहेत.

मी काही सुचवत नाहीये. नुसता इतिहास सांगतोय.

शर्वरी१६

अर्धाच इतिहास! ४० फुटीच्या त्या पहिल्याच वर्षी हर्शेलना शनीचे एन्सेलाडस आणि माइमास मिळाले. आणि लॉर्ड रॉस विसरलात का? आयर्लंडमधली त्यांची ७२ इंची दोन भिंतींच्या मधे अडकवलेली, फार डावी-उजवीकडे फिरायचीही नाही, वर तिथलं हवामान हे असं. तरी १८४५ मध्ये एम५१ सर्पिल आहे हे तिनेच दाखवलं. लहान दुर्बिणींतून तोवर तो डागच होता.

बखरकार

रॉसचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो असं मात्र म्हणणार नाही.

अमावस्या_हवी

सगळे व्यासावर बोलताय, आकाशावर कोणी बोलेना. भर शहरात नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, खऱ्या काळोखात साडेसहापर्यंत. ही अडीच प्रत कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्रिकोणातली एम३३ घ्या. काळोख्या जागी साध्या १०x५० बायनॉक्युलरमधून ती सहज दिसते, शहरात मोठ्या दुर्बिणीतूनही 'आहे बहुतेक' इथपर्यंतच गाडी जाते. काळोखातली ६ इंची शहरातल्या १६ इंचीला दीर्घिकांमध्ये हरवते. १२ इंची घेण्याऐवजी ८ इंची घेऊन बाहेर पडा.

मंदप्रत

अर्धं पटलं. प्रकाशप्रदूषण दीर्घिकांना मारतं हे खरं. पण 'शहरात मोठी दुर्बीण वाया जाते' हे जे त्यातून काढलं जातं ते खोटं. एकाच जागी, एकाच रात्री ८ आणि १२ शेजारी ठेवल्या तर शहरातही १२ च पुढे असते. गुच्छ, ग्रह, जोडतारे यांत तर नक्कीच. तुलना एकाच आकाशाखाली करायची.

अमावस्या_हवी

पण १२ इंची गाडीत मावत नाही म्हणून ती शहरातच राहते, आणि ८ इंची मागच्या सीटवर बसून गावाबाहेर जाते. मग तुलना एकाच आकाशाखाली कशी राहिली?

मंदप्रत

हा मुद्दा मात्र मानावा लागेल.

हमाल_क्र_१

नमस्कार. या धाग्यासाठी मुद्दाम सभासद झालो. वर 'चौदा' असं जे अभिमानाने लिहिलं गेलंय ती चौदा इंची जिन्यावरून खाली मी उतरवतो. आधी बैठक, मग आरशाची पेटी, मग नळ्या, मग 'अरे ती बॅटरी राहिली', मग 'अरे ती आयपीसची पेटी'. सगळं लावून झालं की ढग येतात. ढग आले की हेच सगळं उलट्या क्रमाने वर.

माझ्या मते ६ इंची दुर्बीण अत्यंत उत्तम असते. तिच्यात सगळं दिसतं.

रात्रपाळी

तू इथे कसा आलास? घरी ये, बोलू.

कोपऱ्यातला_चंद्र

धाग्याचं सार्थक झालं. हमालसाहेब, येत जा.

हमाल_क्र_१

बाबा, शनिवारी मी गावाला चाललोय. आधीच सांगून ठेवतो.

जोडतारा

मी उलट्या दिशेने गेले. १० इंची देऊन टाकली आणि ४ इंची अपवर्तक (भिंगाची दुर्बीण) ठेवली. मला जोडतारे आणि ग्रह आवडतात, आणि तिथे व्यासाआधी हवा लागते. डॉजच्या सूत्राप्रमाणे दोन तारे सुटे दिसण्याची मर्यादा ११६ भागिले व्यास मिमीमध्ये: ८ इंचीला ०.५८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), १२ इंचीला ०.३९. कागदावर झकास. पण वातावरणच एक-दोन विकलांनी थरथरत असेल तर हे दशांश कुठे राहतात? स्वरमंडळातला 'डबल डबल', म्हणजे एप्सिलॉन. त्याच्या दोन्ही जोड्या सव्वादोन-अडीच विकलांच्या. चांगल्या रात्री ३ इंचीतूनही चार तारे सुटे. खराब रात्री शेजारच्या १२ इंचीत उकळणारे दोन गोळे.

आणि माझी दुर्बीण मी एका हाताने बाहेर नेते. दहा मिनिटं मोकळी असली तरी चंद्र बघून होतो.

रात्रपाळी

जोडताराताई, हवा खराब असली तरी मधे मधे क्षणभर थांबते. त्या क्षणात मोठा आरसा जे दाखवतो ते लहान दाखवूच शकत नाही. बसून राहायची तयारी हवी. आणि बऱ्याच वेळा लोक हवेला दोष देतात तेव्हा गरम आरसा असतो. जाड आरसा खोलीतून बाहेर आणला की त्याच्यावरून उष्ण हवेचे झोत वर चढत राहतात. तास-दीड तास तरी निवू द्या, मागे छोटा पंखा लावा, मग बोला.

जोडतारा

तास-दीड तास! तेवढ्यात माझं आवरून झालेलं असतं. :)

बटणदाब्या

एक प्रामाणिक प्रश्न. माझ्याकडे सीस्टार एस५० ही आपोआप फोटो घेणारी स्मार्ट दुर्बीण आहे. व्यास ५० मिमी, म्हणजे २ इंच. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम एकावर एक रचत जाते आणि मृगातला अश्वमुख तेजोमेघ मोबाइलवर बघता बघता उमटतो. १६ इंचीवाले त्यासाठी एच-बीटा फिल्टर (हायड्रोजनचा ठरावीक प्रकाशच जाऊ देणारा) लावून, काळोख शोधून, तिरक्या नजरेने तासभर झटतात आणि 'बहुधा दिसला' म्हणतात. मग या १२-१६ चा हट्ट कशाला?

शर्वरी१६

कारण तो मोबाइलवर दिसतो.

बटणदाब्या

फोटॉन तेच आहेत की.

शर्वरी१६

तुमचे सेन्सरवर पडून संपतात, माझे डोळ्यात येतात. मला तो 'बहुधा'च हवा असतो.

मंदप्रत

भांडू नका. दोन्ही छंद खरे आहेत, पण वेगळे आहेत. सेन्सर मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. त्याच्याकडे सेकंदाचा लहानसा भाग. ती उणीव आपण व्यासाने भरून काढतो. म्हणून अपर्चर फीवर हा मुख्यतः डोळ्याने बघणाऱ्यांचा आजार. फोटोवाल्यांचा आजार माउंटचा, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या बैठकीचा.

बटणदाब्या

माउंटचं बोलू नका, जखम ताजी आहे.

संपादक_मंडळ

स्मार्ट दुर्बिणींसाठी वेगळा धागा काढावा. इथे डोळ्यांचंच चालू द्या.

बखरकार

अवांतर, पण राहवत नाही. या सगळ्या डॉबवाल्यांच्या हव्यासाचं मूळ एका संन्याशात आहे. जॉन डॉब्सन कॅलिफोर्नियात वेदांत सोसायटीच्या मठात होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून आरसे करायचे, जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूडची पेटी. दुर्बिणींपायीच १९६७ मध्ये मठ सुटला. पुढे १९६८ पासून त्यांची मंडळी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवू लागली. त्याआधी मोठा आरसा म्हटला की भला थोरला विषुववृत्तीय माउंट आलाच. या माणसाने वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी साधी पेटी केली आणि १०-१२ इंच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. सर्वसंगपरित्यागी माणसाने आपल्याला हावरं करून ठेवलं.

अमावस्या_हवी

बखरकार, हे खासच. वाचनखूण साठवली.

लहान दुर्बिणीच्या बाजूने माझंही एक नाव: ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट इव्हान्स. चर्चमधले धर्मोपदेशक. शेकडो दीर्घिकांची ताऱ्यांसकट चित्रं डोक्यात पक्की, त्यामुळे एखादा आगंतुक तारा आला की नुसत्या नजरेने ओळखायचे. डोळ्याने बघून ४० हून जास्त सुपरनोव्हा. सुरुवातीचे कितीतरी १० इंचीतून.

कोपऱ्यातला_चंद्र

आणि मग त्यांनी १६ इंची वापरली. ती गोष्ट गाळलीत.

अमावस्या_हवी

गाळली खरी.

उत्तरमुकुट

मी रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांवाला. आमच्याकडे हा ताप जरा कमी, कारण प्रत मोजायला तुलनेचे तारे नीट एका क्षेत्रात मावावे लागतात. टी कोरोनी बोरिआलिस हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये असा उजळला होता की दुर्बीणच लागली नाही. बेटेलज्यूस म्हणजे आपल्या काक्षीचं २०१९-२० मधलं मंदावणंही लोकांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलं.

एक मुद्दा अजून कोणी काढला नाही. मोठ्या दुर्बिणीला किमान मोठेपणाची अट असते. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढलं की बऱ्याच जणांची ५ च्या आसपास राहते. १६ इंचीत ५ मिमीचा झोत हवा असेल तर ८० पट मोठं करावंच लागतं. त्याखाली गेलात तर कडेचा प्रकाश बुबुळावर सांडतो, म्हणजे पैसे १६ चे आणि बघताय १२ इंचीतून. आणि ८० पटीत देवयानी दीर्घिकेचा मधला भाग तेवढा दिसतो, कृत्तिका तर एकावेळी मावतच नाहीत.

रात्रपाळी

म्हणून घरात १०x५० पण आहे.

हमाल_क्र_१

ती मी उचलायला कधीही तयार आहे.

तिरकी_नजर

धागा मस्त रंगलाय, पण मूळ प्रश्न राहिलाच. आमच्या गटात एकाची ८ इंची एफ/६ आणि एकाची १२ इंची एफ/५ आहे. काळोख्या जागी दोन्ही शेजारी लावून पुन्हा पुन्हा ताडून बघितलं आहे, म्हणून सांगतो.

एम१३: फरक पहिल्या नजरेत. कोणालाही दाखवा, १२ इंचीपाशी 'अरे!' म्हणतात.

एम५१: ८ मध्ये दोन गाभे आणि भोवती प्रभामंडळ, बराच वेळ बघितलं तर भुजांचा भास. १२ मध्ये भुजा आहेत हे ठामपणे म्हणता येतं.

एनजीसी ८९१, कडेने दिसणारी: ८ मध्ये फिकट रेघ. १२ मध्ये तिला मधोमध चिरणारा काळा पट्टा, पण डोळा अंधाराला अर्धा तास सरावलेला हवा.

महाश्वातलं स्टेफनचं पंचक: ८ मध्ये काहीतरी धुकट आहे खरं, त्यातले सुटे किती ते सांगायला छाती होत नाही. १२ मध्ये तुकडे मोजायला लागतो.

मृगातला मोठा तेजोमेघ: दोन्हींत सुंदर. १२ मध्ये हिरवट छटा जास्त ठळक. पण ८ वाल्याने वाईट वाटून घ्यावं असं काही नाही.

शनी, गुरू: बहुतेक रात्री फरक शून्य. एखाद्या रात्री हवा थांबते आणि १२ एकदम पुढे जाते. ती रात्र कधी येईल ते कोणी सांगावं.

हंसातला जाळीदार तेजोमेघ: इथे गंमत. ८ इंचीला ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचा प्रकाशच जाऊ देणारा) लावला, १२ नुसती ठेवली, तर ८ जिंकली. सहज जिंकली.

तर धूमकेतू, दीर्घिका बघायच्या असतील तर १२ चा फरक खरा आहे, मनाचे खेळ नाहीत. पण आधी कोणाच्या तरी १२ इंचीतून तुमच्या आवडीच्या चार दीर्घिका त्याच रात्री, आपली ८ शेजारी ठेवून बघा. आणि एक दूरची गंमत: कन्या राशीतला ३सी २७३ क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) तुमच्या ८ मधून दिसतो, प्रत १२.९ च्या आसपास. सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं. दिसायला अगदी साधा तारा. तो शोधला नसेल तर ८ इंचीचं काम संपलं असं समजू नका.

हुकलेला_धूमकेतू

तिरकी_नजर, अगदी हेच हवं होतं. ८९१ मध्ये मला रेघसुद्धा धड दिसत नाही, आणि माझं आकाश बघता दोष आरशाचा नसावा. क्वेसार शोधलेला नाही. नकाशा छापून घेतो. सध्या ओ-थ्री फिल्टर घ्यावा आणि १२ चा निर्णय काळोख्या जागी तुलना केल्यावर, असं डोक्यात आहे.

कोपऱ्यातला_चंद्र

ताप उतरला नाही, फिल्टरवर सरकला. आता ओ-थ्री, मग यूएचसी, मग एच-बीटा. मग 'हा फिल्टर ८ इंचीत फार अंधारतो बुवा'.

शर्वरी१६

मग १२ इंची. :)

मंदप्रत

धूमकेतू, १२ घ्यायचीच ठरली तर नळी अखंड की ट्रस (सुट्या दांड्यांची) हे आधी बघा. अखंड नळीची १२ इंची बैठकीसकट साधारण चाळीस किलोच्या घरात जाते, आणि नळी दीड मीटर लांब. दार, लिफ्ट, गाडीची मागची सीट, तिन्हींची मापं टेप लावून घ्या. ट्रस सुटी होते, पण दर वेळी जोडणी आणि कोलिमेशन आलं, वरून काळं कापड गुंडाळायचं ते वेगळं.

हुकलेला_धूमकेतू

लिफ्ट नाहीये. जिनाच.

रात्रपाळी

मग ट्रस. बैठकीला खाली चाकं लावून घ्या, जिन्यावर कामाची नाहीत पण खाली उतरल्यावर फार सोय होते. आणि पेटी उचलायला कोणी हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, माझ्याकडे एक अनुभवी माणूस आहे.

हमाल_क्र_१

बाबा!!